मदत हवी आहे: -जे८ दिलं की बिल्डवर्ल्ड अडतं

मंडळी, पुण्यात घरच्या मशिनवर फ्रीबीएसडी १४ ही ऑपरेटिंग सिस्टिम सोर्समधून बिल्ड करतोय. त्यात माझी एक छोटी लायब्ररी घातली आहे. ८ कोअर, १६ जीबी रॅम. ‘मेक -जे८ बिल्डवर्ल्ड’ (कर्नल सोडून बाकीची सिस्टिम, एका वेळी आठ कामं चालवून बनवणं) दिलं की लायब्ररीची आपोआप बनणारी हेडर फाइल सापडत नाही म्हणून थांबतं. बघावं तर फाइल तिथेच, तिची वेळही एरर आली त्याच सेकंदाची! -जे१ ला पूर्ण होतं, पण रात्र जाते, आणि मध्येच वीज गेली तर यूपीएस अर्धा तासच टिकतो.

ऑब्जेक्ट डिरेक्टरी (बिल्डमध्ये बनलेल्या फाइली) पुसली, रॅम तपासायला मेमटेस्ट केला, घड्याळ तपासलं. स्वॅप (रॅम पुरली नाही तर डिस्कवरची जागा) वापरलाच जात नाही. माझी लायब्ररी काढली की -जे८ सुरळीत, म्हणजे घोळ माझ्याच मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) आहे.

हेडर वापरणारा प्रोग्राम शेजारच्या डिरेक्टरीत आहे. आधी लायब्ररी, मग प्रोग्राम हा क्रम वरच्या मेकफाइलमध्ये ‘सबडिर_डिपेंड’ने सांगितला तर पुरे, की प्रोग्रामच्या मेकफाइलमध्येही काही लिहावं लागेल?