ॲग्री बिझनेसनंतर बाहेर: नेदरलँड्स की जर्मनी?

प्रश्न: ॲग्री बिझनेस मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी दिंडोरीजवळ चार एकर द्राक्षं. एमएस्सी बाहेर करायचीय. वडील म्हणतात, झेपेल असंच बघ. काय करू?

उत्तर १: भावा, मी निफाडचा, नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठात शिकलो. एमएस्सी दोन वर्षांची, १२० क्रेडिट. फी जड आहे, खोटं सांगत नाही. पण तिथल्या सुपरमार्केटात आपली थॉमसन द्राक्षं ५०० ग्रॅमच्या डबीत पाहिली, देठ अजून हिरवागार! आई पॅकिंगला देठाला का जपायची, ते तिथं उमगलं. द्राक्षाचाच धंदा करायचा असेल तर आपली द्राक्षं जिथं उतरतात ते रॉटरडॅम बंदर जवळून बघच. शिक्षण झाल्यावर नोकरी शोधायला वर्षभर राहता येतं.

उत्तर २: जर्मनीतलं होहेनहाइम विद्यापीठही बघ, श्टुटगार्टला. ॲग्री बिझनेसचीच एमएस्सी आहे. त्या राज्यात आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी. व्हिसासाठी वर्षभराचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीकच पैसे काढता येतात असं खातं) आधी दाखवावा लागतो, घरी ते आत्ताच सांग.

उत्तर १: आणि जमीन तारण ठेवण्याआधी शिष्यवृत्तीचे अर्ज भर. मी उशीर केला, अजून हळहळतो.

प्रश्नकर्ता: दादा, मनापासून आभार. कॉलेजकडे ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांच्या अधिकृत नोंदीसाठी, उद्याच अर्ज टाकतो. छाटणी उरकली की वडिलांशी बसून बोलतो.