फारकत हा शब्द आला कुठून?

मधलीसुट्टी:
परवा ऑफिसात रिपोर्टमधे लिहिलं की या आकड्यांनी वास्तवाशी फारकत घेतलीये, तर शेजारचा म्हणे आकड्यांचा घटस्फोट झाला का, सगळे फिदीफिदी हसले. पण मला खरंच प्रश्न पडला, मूळ अर्थ घटस्फोटच आहे का? मला आपलं वाटायचं फरकवरून फारकत आलं असेल.

खारीक:
जवळपास पोचलात. अरबीत फ-र-क म्हणजे वेगळं करणं, त्यातूनच फरक, फिरका, आणि गझलेतली फुरकत म्हणजे विरह. तीच फुरकत मराठीत येऊन फारकत झाली.

जुनंपुराणं:
ऐकायला छान आहे पण नाही हो. जुन्या कागदांत हा शब्द फारखत किंवा फारखती असा येतो, त्यातला ख बघा. फारिग म्हणजे मोकळा आणि खत म्हणजे लिहिलेला कागद, खरेदीखत गहाणखत यातलं खत (शेणखतातलं नव्हे!). कर्ज फिटलं किंवा भागीदारी मोडली की आता तुझ्यामाझ्यात काही देणंघेणं उरलं नाही असं लिहून द्यायचे, ती फारखत. नवराबायकोची त्यातलीच एक. आपली सोडचिठ्ठी तरी काय, सोड अधिक चिठ्ठी, मोकळं केल्याचा कागदच की.

मधलीसुट्टी:
हाहा म्हणजे माझ्या आकड्यांनी वास्तवाची उधारी चुकती केली. पण मग फारकत देतात की घेतात?

जुनंपुराणं:
कागद होता तेव्हा एकजण लिहून द्यायचा आणि दुसरा घ्यायचा. आता कागद कोणाला आठवतोय, नुसतं वेगळं होणं उरलं, म्हणून मग पक्षाशी फारकत घेतली, विचारांशी घेतली, सगळीकडे घेतलीच. देणारा गायब.

खारीक:
ख चा मुद्दा मान्य, फुरकत मागे घेतो. तसंही मित्र परगावी गेला, आठवण येते, तर त्याला कोणी फारकत म्हणत नाही, विरह नाहीतर ताटातूट म्हणेल, तेव्हाच मला कळायला हवं होतं. बाकी काडीमोड बेस्ट, कागद नको शाई नको, काडी घेतली आणि मोडली.