अमेरिकेहून आलेला दिवा: ६० वॉटचाच बल्ब, मग उडाला का?

कोपरखैरणे_गृहिणी (प्रश्न):

नमस्कार. माझ्या नणंदबाई अनेक वर्षे न्यू जर्सीत होत्या. मागच्या महिन्यात कायमच्या परत येताना त्यांनी पितळी बैठकीचा, कापडी छत्रीचा एक टेबल लॅम्प आणला आणि सोबत तारेचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, एक बल्ब. बल्बवर १२० व्होल्ट, ६० वॉट असे छापलेले होते. दिव्याच्या चपट्या पिना आपल्या सॉकेटात बसेनात म्हणून दिवा बाजूला ठेवला, पण बल्ब तरी शाबूत आहे का ते पाहावे म्हणून तो दिवाणखान्यातल्या झुंबराच्या आट्यांच्या होल्डरमध्ये फिरवून बसवला. तो इतका सहज बसला की शंका घ्यायचे कारणच उरले नाही. बटण दाबताच डोळे दिपवणारा पांढरा लखलखाट झाला, टक् असा आवाज आला आणि दिव्यांचा एमसीबी पडला. बल्बची काच आतून काळपट झाली आहे.

आमच्याकडे पूर्वी ६० वॉटचे बल्ब वर्षानुवर्षे चालले, मग हाच का उडाला? शिवाय दिव्याच्या होल्डरवर ६६० वॉट, २५० व्होल्ट असे कोरलेले आहे, तर त्याच दिव्याच्या छत्रीखाली ६० वॉटपेक्षा जास्त नको अशी चिकटपट्टी आहे. यांपैकी कोणाचे ऐकायचे? आणि आपल्याकडचा ९ वॉटचा एलईडी यात लावला तर चालेल का? यजमानांचे म्हणणे आहे की आधी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल.

कळव्याचा_निवृत्त_वायरमन:

ताई, सर्वप्रथम, होल्डरमध्ये बल्ब बसणे आणि तो तिथे चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या आट्यांचा व्यास २६ मिलिमीटर आणि आपल्याकडच्यांचा २७. एवढ्या फरकाने काहीही अडत नाही, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. आपला नेहमीचा दोन पिनांचा होल्डर असता तर तो बल्ब बसलाच नसता आणि वाचला असता.

आता वॉटचे. बल्बवर छापलेले ६० वॉट हे 'मला १२० व्होल्ट मिळाले तर' या अटीवरचे असतात. बल्बच्या स्वभावात असतो तो तंतूचा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा. त्या बल्बचा तापलेल्या अवस्थेतला रोध व्होल्टेजच्या वर्गाला वॉटने भागून येतो: १४,४०० भागिले ६०, म्हणजे २४० ओहम. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या ६० वॉट बल्बचा याच हिशेबाने सुमारे ८८० ओहम येतो. म्हणजे वॉट तेच दिसत असले तरी तुमच्या बल्बची तार आपल्या बल्बच्या मानाने चौथ्या हिश्श्याच्या आसपास रोधाची होती. तिला २३० व्होल्ट दिले की कागदावर २२० वॉट होतात. तार जास्त तापली की रोध आणखी वाढतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरेल, पण ६० वॉटसाठी ओढलेली तार तेवढे झेपवू शकत नाही. ती तुटताना टोकांमध्ये ठिणगीची कमान पेटते, ती आतल्या वायूतून दोन्ही आधारतारांपर्यंत पोहोचली की बल्ब क्षणभर शॉर्टसर्किटसारखाच वागतो, आणि म्हणून एमसीबी पडला. तो पडला हे चांगलेच झाले. काचेवरचा काळा थर म्हणजे उडालेले टंगस्टन.

उलट बाजूही पाहा. आपला २३० व्होल्टचा ६० वॉट बल्ब तिकडे नेला तर तो उडत नाही, नुसता तांबूस पेटतो आणि जेमतेम २० वॉटच्या आसपास घेतो.

होल्डर आणि चिकटपट्टी, दोघेही खरे बोलत आहेत. ६६० वॉट ही होल्डरच्या पितळी भागांची वीज वाहून नेण्याची क्षमता. ६० वॉट ही कापडी छत्रीची उष्णता सोसण्याची मर्यादा, कारण तारेच्या बल्बमध्ये गेलेल्या विजेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेतच जातो. दोन आकड्यांतला लहान आकडा पाळायचा. पण ती कमाल मर्यादा आहे. तेवढे वॉट भरलेच पाहिजेत असा तिचा अर्थ होत नाही. ९ वॉटचा एलईडी खुशाल लावा. उजेड साधारण त्या ६० वॉटच्या बल्बइतकाच, म्हणजे ८०० लुमेनच्या आसपास मिळेल. मात्र बल्ब इथलाच घ्या आणि खोक्यावर २३० व्होल्ट किंवा त्याला सामावून घेणारा पल्ला छापलेला आहे का ते वाचा. आपल्याकडचे कित्येक एलईडी बल्ब १०० ते ३०० व्होल्टपर्यंत चालतात, कारण आतला ड्रायव्हर एलईडीला जाणारा प्रवाह आवरून धरतो; पण अमेरिकेत विकले जाणारे अनेक एलईडी फक्त १२० व्होल्टचे असतात. तेव्हा ट्रान्सफॉर्मरची गरज नाही.

घोडबंदर_रोडवरचा:

नवा बल्ब घेण्याआधी एक सुचवतो. नणंदबाईंकडे १२० व्होल्टचे आणखी बल्ब असतील तर दोन बल्ब एकामागोमाग जोडले की २३० व्होल्ट निम्मे निम्मे वाटले जातात. गणपतीच्या जुन्या माळा आपण अशाच करत होतो.

कळव्याचा_निवृत्त_वायरमन:

दोन्ही बल्ब अगदी सारख्या वॉटचे असतील तरच, दादा. समजा एक ६० वॉटचा आणि दुसरा ४० वॉटचा आहे. रोध २४० आणि ३६०, एकूण ६००. मग ४० वॉटच्या वाट्याला सुमारे १३८ व्होल्ट येतात आणि ६० वॉटच्या वाट्याला फक्त ९२. म्हणजे दुबळ्याच्याच डोक्यावर जास्त ओझे, आणि तो गेला की दुसराही विझतो. माळेतले बल्ब एकाच घाण्यातले असतात, म्हणून तिथे ते जमते. एलईडी बल्ब मात्र असे कधीही जोडू नयेत.

नौपाडा_शोकेस:

याच विषयातले माझे एक दुखणे. दुकानातल्या शोकेसमध्ये १२ व्होल्ट, ५० वॉटचे हॅलोजन होते. त्याच मापाचे १२ व्होल्टचे ५ वॉट एलईडी आणून लावले, व्होल्टेज तंतोतंत जुळते, तरी दिवे लुकलुकतात. दिवे बदलून पाहिले, तरी तेच.

कळव्याचा_निवृत्त_वायरमन:

दिव्यांना बोल लावू नका, वरचा ट्रान्सफॉर्मर उतरवून त्याचा छाप वाचा. इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरवर बहुधा किमान भारही लिहिलेला असतो, उदाहरणार्थ २० ते ६० वॉट. ५ वॉटवर तो नीट सुरूच होत नाही. एलईडीसाठीचा १२ व्होल्टचा ड्रायव्हर घ्या.

ताई, तुमच्या दिव्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली. तिकडच्या प्लगची एक पट्टी रुंद असते, त्यामुळे तो उलटा बसत नाही आणि होल्डरच्या आट्यांना कायम न्यूट्रलच मिळते. नुसता ॲडॅप्टर लावलात तर ही खात्री उरत नाही; आट्यांत फेज येऊ शकते, आणि बल्ब बदलताना बोट नेमके तिथेच लागते. त्यात बैठक पितळी, आणि तिला अर्थिंग नाही. म्हणून वायर बदलून तीन तारांची घाला: फेज होल्डरच्या मधल्या टिकलीला, न्यूट्रल आट्यांना, हिरवी तार बैठकीला, आणि टोकाला आपला तीन पिनांचा प्लग. सॉकेटात फेज उजवीकडेच आहे का, हेही टेस्टरने पाहून घ्या. नव्या इमारतींतही मी उलटी जोडणी पाहिली आहे.

कोपरखैरणे_गृहिणी:

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. काल वायरमनकडून तीन तारांची वायर घालून घेतली. बैठकखोलीच्या सॉकेटात फेज खरोखरच डावीकडे निघाली, तीही त्याने सरळ करून दिली. सध्या ९ वॉटचा पिवळसर एलईडी लावला आहे. तासाभराने छत्रीला हात लावून पाहिला तर ती कोमटसुद्धा नव्हती. उडालेला बल्ब नणंदबाईंनी टाकू दिला नाही, तो शोकेसमध्ये आहे.