मदत हवी आहे: जर्मनी आणि सांगली, दोन घरांत मिळून एकच 'कारकासोन'चा डाव कसा खेळावा?

नमस्कार मंडळी,

मी डॉर्टमुंडला असते. आई-बाबा आणि तिसरीतला पुतण्या सांगलीला. दोन्ही घरांत 'कारकासोन'ची एकेक पेटी आहे. दर रविवारी इथं सकाळचे अकरा, तिथं दुपारचे अडीच वाजले की व्हिडिओ कॉल लावून डाव मांडतो, आणि दर रविवारी तो अर्ध्यात मोडतो. कुणी असं दोन घरांतून खेळत असाल, तर काय जुळवाजुळव केलीत ते कृपया सांगा.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. क्लाउस-युर्गेन व्रेडे यांचा हा खेळ २००० साली आला आणि पुढच्याच वर्षी त्याला 'श्पील देस यारेस' हा जर्मनीतला मानाचा पुरस्कार मिळाला. ७२ चौकोनी टाइल्स असतात, त्यांवर रस्ते, तटबंदीची शहरं, शेतं आणि मठ यांची चित्रं. न बघता एक काढायची आणि आधीच्यांना जुळवून लावायची: रस्त्याला रस्ता, तटाला तट, शेताला शेत. लावलेल्या टाइलवर हवी तर आपली सोंगटी ठेवायची. शेतात सोंगटी आडवी ठेवली की तो शेतकरी. तो डाव संपेपर्यंत उठत नाही. शेवटी त्याच्या शेताला लागून जितकी शहरं पूर्ण झाली असतील, त्या प्रत्येकाचे ३ गुण.

आमच्या घरात खरा खेळ या शेतांचाच. बाबांची सगळी नोकरी जमीनमोजणीत गेली. रस्ता आडवा आला की शेत तुटतं, त्याला ते 'बांध पडला' म्हणतात. डाव संपला की चष्मा वर सरकवून टाइलच्या अगदी जवळ वाकतात आणि तर्जनी शेताच्या कडेकडेनं फिरवत नेतात. "हे बघ, इथं रस्ता मठापाशी थांबला. म्हणजे पलीकडचं शेत हेच." पुतण्याचं बोट त्यांच्या बोटामागून चाललेलं असतं. मला त्या दहा मिनिटांसाठी खेळायचं असतं.

म्हणून मोबाइलवरचा खेळ नको आहे. तोही करून बघितला. टाइल चुकीच्या जागी बसतच नाही, आणि गुण आपोआप पडतात. पुतण्याला विचारलं, "सत्तावीस कसे झाले रे?" तर म्हणाला, "त्यानंच दिले." पटावर मात्र तो स्वतः मोजतो: पूर्ण शहराच्या प्रत्येक टाइलला दोन, टाइलवर ढालीचं चित्र असेल तर आणखी दोन. दोनचा पाढा त्याचा असाच पक्का झाला.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. दिवसभर माझं काम कॉम्प्युटरवरच चालतं. पण बैठ्या खेळात त्यानं कुठं शिरावं याबद्दल माझं मत ठाम आहे. त्यानं सांगलीचा पट माझ्यापर्यंत आणावा. मोजणं, भांडणं, विचार करणं आमच्याकडं राहू दे. ॲपशिवाय चालतच नाही असा एक खेळ मी हौसेनं घेतला होता. फोन बदलला आणि ते ॲप नव्या फोनवर उघडेना. एवढे सुबक पुतळे आणि जाड पुठ्ठ्याचा पट, सगळं कपाटात पडून आहे. आजीचा सारीपाट आजही उघडला की लगेच डाव मांडता येतो. तेव्हापासून खेळ घेताना मी आधी बघते, की वीज गेली तर हा चालेल का.

आता अडचणी. कॅमेऱ्यात रस्ता कुठला आणि तटाची कड कुठली ते कळत नाही. ट्यूबलाइटची तिरीप टाइल्सवर चमकते आणि वर पंख्याची सावली फिरत राहते. बाबा 'डावीकडं' म्हणतात ते माझ्या दृष्टीनं उजवीकडं असतं. सातआठ फेऱ्या झाल्या की दोन्ही पट वेगळे झालेले असतात. घरी दोन फोन आणि एक जुना टॅबलेट आहे. आई म्हणते, नवीन यंत्र आणू नका, त्यामुळं आहे त्यातच भागवायचं आहे.

प्रतिसाद: दहा_कवड्या

ताई, आम्ही पुणे-नागपूर असं खेळतो. व्हिडिओवर पट बघायचा हट्ट सोडा. टॅबलेटवर कॉल लावा, तो फक्त चेहरे आणि बोलण्यासाठी. दुसऱ्या फोननं प्रत्येक चालीनंतर पटाचा साधा फोटो काढून पाठवायचा. चालू व्हिडिओपेक्षा फोटो कितीतरी स्वच्छ दिसतो, आणि नेट अडखळलं तरी शेवटचा पट हाताशी राहतो.

फोन धरायला कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड पटावर उभा करा. दोन दांड्यांवर फोन उताणा ठेवायचा, मागचा कॅमेरा फटीतून खाली बघेल असा. ट्यूब बंद करून खिडकीचा उजेड बाजूनं येऊ द्या, म्हणजे चमक जाते. पटाखाली गडद रंगाची, बिनचमकीची सतरंजी घाला.

प्रतिसाद: सांजसकाळ

हा खेळ 'बोर्ड गेम अरेना' या ऑनलाइन खेळांच्या साइटवर आहे. तिथं एकाच वेळी बसायचीही गरज नाही. जमेल तेव्हा आपली चाल करून ठेवायची. मी आणि माझा भाऊ असाच एकेक डाव आठवडाभर चालवतो. एवढी खटपट कशाला?

धागाकर्ती

सांजसकाळ, तुमच्या भावासारखा भिडू असता तर मीही तेच केलं असतं. एकटीनं खेळताना मीही तिथं जाते. पण बाबांना हातात टाइल हवी. आईनं टाइल्ससाठी ब्लाउजच्या उरलेल्या खणाची थैली शिवली आहे. पुतण्या त्यात कोपरापर्यंत हात घालून ढवळतो, तेव्हा सगळे गप्प होतात. मला ते ऐकायला हवं असतं.

दहा_कवड्या, स्टँडची युक्ती आजच कळवते. आभार.

प्रतिसाद: पटावरची_धूळ

ताई, फोटोनं निम्मं काम होईल. उरलेलं नावांनी करा. या खेळाच्या मूळ संचात टाइल्स ७२ असल्या तरी प्रकार २४च आहेत. काही आवृत्त्यांच्या नियमपुस्तिकेत त्यांना इंग्रजी अक्षरं दिलेली असतात. तुम्ही क, ख, ग असा तुमचा तक्ता करा आणि दोन्ही घरांत भिंतीला लावा. थैली फक्त सांगलीत. तुमच्या टाइल्स प्रकारवार गठ्ठे करून समोर उघड्या ठेवा. तिथून "घ" असं आलं की तुम्ही "घ"च्या गठ्ठ्यातली उचलायची. तुमची पाळी असेल तेव्हा तुमच्यासाठी पुतण्या थैलीतून काढेल. या खेळात कुणाच्या हातात काही लपलेलं नसतं, म्हणून हे जमतं.

डावं-उजवं बंद करा. पटाची एक कड 'उत्तर' ठरवून तिथं दोन्ही घरांत एक नाणं ठेवा. पहिल्या टाइलपासून मोजायचं: पूर्वेला तीन, उत्तरेला दोन. बाबा मोजणीतले आहेत म्हणताय, त्यांना हे सांगावंही लागणार नाही.

धागाकर्ती (रविवारी रात्री)

डाव पूर्ण झाला!

बाबांनी तक्ता स्वतः काढला, आलेखाच्या कागदावर, प्रत्येक टाइलची चौकट शाई वापरून. नाण्याऐवजी त्यांनी उत्तरेचा बाण काढून चिकटवला. पंखा बंद ठेवावा लागला, म्हणून आई मधूनमधून वर्तमानपत्रानं वारा घालत होती. लाइट एकदा गेली, तेव्हा आम्ही आधीच्या फोटोवरून दोन चाली साध्या फोनवर बोलून खेळलो.

शेवटी शेतं मोजताना माझं शेत बाबांच्या पटापेक्षा माझ्या पटावर मोठं निघालं. त्यांनी तिथं बोट फिरवलं, मी इथं, दोघांनी मोठ्यानं बोलत. पूर्वेला चार, दक्षिणेला एक या जागी माझी टाइल पाव फेरा फिरलेली निघाली. तट जुळत होता, पण रस्ता भलतीकडं गेला होता, त्यामुळं बांध पडलाच नव्हता. माझे ९ गुण गेले आणि पुतण्या जिंकला. आता ठरलंय की दर चार चालींनंतर माझ्या पटाचाही फोटो सांगलीला जायचा.

पटावरची_धूळ आणि दहा_कवड्या, तुमचे मनापासून आभार. आता एक पुढचा प्रश्न आहे. पुतण्याला 'तिकीट टू राइड' हा रेल्वेमार्ग जोडायचा खेळ हवाय. त्यात हातातले पत्ते आणि मार्गांची तिकिटं लपवावी लागतात, आणि पत्त्यांची गड्डी एकच असते. माझे पत्ते सांगलीत कुणी न बघता माझ्यापर्यंत कसे पोचतील? कुणी करून बघितलंय का?