मदत हवी आहे: वडिलांच्या जुन्या ईमेलवर स्पॅमचा मारा, पत्ता न बदलता आवर कसा घालू?

नमस्कार मंडळी,

माझे बाबा ७१ वर्षांचे, ठाण्यात नौपाड्याला राहतात. मी घोडबंदरला. त्यांचा जीमेलचा पत्ता मीच २०११ साली काढून दिला होता. आज पेन्शन, बँक, म्युच्युअल फंड, गॅस, सोसायटीच्या नोटिसा, सगळं त्यावरच येतं. त्यामुळे "सोडा तो, नवीन काढा" एवढ्याने आमचं भागणार नाही.

गेल्या वर्षी एका गृहप्रदर्शनात बाबांनी लकी ड्रॉचं कूपन भरलं, त्यावर ईमेल लिहिला. पत्ता तिथूनच फुटला असं छातीठोकपणे म्हणत नाही, पण त्याच आठवड्यापासून सुरुवात झाली. आधी फ्लॅट, मग कर्ज, मग "तुमचं पार्सल अडकलं आहे", आता "पॅन आजच अपडेट करा, नाहीतर खातं बंद". दिवसाला साठ-सत्तर मेल.

नोव्हेंबरात तर माझ्या पोटात गोळाच आला. हयातीच्या दाखल्याची आठवण करून देणारा बँकेचा खरा मेल स्पॅममध्ये जाऊन पडला होता. २५ तारखेला मी सहज ते फोल्डर उघडलं म्हणून दिसला, तोवर २२ दिवस झाले होते. स्पॅममधलं ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं. दुसऱ्याच दिवशी बाबांना घेऊन बँकेत गेले.

बाबा रोज चहा झाला की चष्मा लावून टॅब मांडीवर घेतात आणि एकेक मेल उघडून तळाशी "अनसबस्क्राइब" शोधत बसतात. दारावर आलेल्या विक्रेत्यालाही ते कधी वसकन बोलले नाहीत, "नको हो" असं नीट सांगून पाठवतात. इथेही तेच. पण भामट्यांच्या मेलमधली ती लिंक दाबली की हा पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं. मी सांगितलं, जिथे आपलं खातं आहे, खरेदी केली आहे, तिथेच अनसबस्क्राइब करा, बाकीचे न उघडता स्पॅम म्हणून टाका. त्यावर ते विचारतात, "पण ओळखायचं कसं गं?" वर नाव बँकेचंच असतं. नावावर बोट ठेवलं की खाली खरा पत्ता दिसतो, नुसती अक्षरांची खिचडी. तेवढी बारीक अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत.

आतापर्यंत पासवर्ड बदलला, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री करून घेणारं लॉगिन) चालू केलं, मेलमधली चित्रं आपोआप उघडणं बंद केलं (त्या चित्रांवरूनही मेल उघडल्याचं पाठवणाऱ्याला कळू शकतं). बँक आणि सोसायटीच्या पत्त्यांसाठी "कधीच स्पॅममध्ये टाकू नका" असा फिल्टर लावला. तो मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये होत नाही, कॉम्प्युटरवरूनच करावा लागला. १९०९ ची डीएनडी (नको असलेल्या जाहिराती बंद करण्याची सोय) फक्त फोन आणि एसएमएससाठी, तिचा इथे उपयोग नाही.

आता अडलंय ते असं. "प्री-लाँच", "प्री-अप्रूव्ह्ड" असे शब्द असलेले मेल फिल्टरने थेट कचऱ्यात टाकावेत का? बाबांची स्वतःची बँकही असे शब्द वापरते, म्हणून हात धजत नाही. की फक्त वेगळं लेबल लावून बाजूला काढू? आणि बँक-पेन्शनपुरता नवा पत्ता काढून जुना तसाच ठेवायचा, असं आईवडिलांसाठी कोणी केलंय का? आधी कुठे बदलायचा, बँकेत की पेन्शनकडे?

शेवटचं, आणि याचीच जास्त काळजी आहे. गेल्या बुधवारी त्या पॅनवाल्या मेलची लिंक त्यांनी उघडली, जन्मतारीख भरली, ओटीपी मागितल्यावर मात्र बंद केलं. पैसे गेलेले नाहीत. बँकेला कळवलं आहे. १९३० हा पैसे गेल्यावर ताबडतोब फिरवायचा नंबर, हे माहीत आहे. पण काहीच गेलं नसताना सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवून ठेवावी का? कोणी नोंदवली असेल तर काय काय जोडावं लागलं, तेही सांगा.

रविवारी पुन्हा नौपाड्याला जाणार आहे. जमेल ते त्याच दिवशी बाबांच्या शेजारी बसून करून टाकेन.