लूपर कोणता घ्यावा? (एड शीरनच्या सुरुवातीच्या धाटणीसाठी, बजेट १५ हजार)

नवखी_मावशी: नमस्कार मंडळी. भाची सतरा वर्षांची, गाणी स्वतः लिहिते. तिच्या डोक्यात २०११च्या आधीचा ब्रिटिश गायक एड शीरन बसलाय: एकटा माणूस, गिटार आणि पायाखाली लूपर (वाजवलेलं तिथल्या तिथे टेपून परत परत ऐकवणारं पेडल, त्यावर नवे थर चढवता येतात). पिकअपवाली गिटार घरात आहे. लूपर कोणता? १५ हजारांत माइकही बसवायचाय. त्याच्यावर कोणाचा प्रभाव होता तेही सांगा.

सहावी_तार: आधी गिटार बदला. त्याच्या हातात मार्टिनची एलएक्स१ई असायची, स्केल (तारेची वाजणारी लांबी) २३ इंची. मोठ्या बॉडीचा खर्ज चार थरांनंतर नुसता घुमतो.

नवखी_मावशी: अहो, ती बजेटच्या तिप्पट आहे.

सहावी_तार: एकदाच घेणार ना? आणि तारा ०.०१३ इंचाच्या लावा. स्केल छोटी असली की पातळ तारा सैल पडतात, जोरात दाबलं की सूर चढतो.

पायपेटी: गिटार राहू द्या. खर्ज घुमला तर ॲम्पवरचा बेस कमी करा, फुकट आहे. बॉस कंपनीचा आरसी-१ लूपर घ्या, माझ्याकडे तोच आहे. वरचं गोल दिव्यांचं कडं लूप कुठवर आला ते दाखवतं. खरी गोची पायाची. तीनतालाच्या सोळा मात्रा धरा, म्हणजे चार बार. वाजवा आणि पुढच्या *समेवर* पाय मारा. नवखे शेवटचा सूर विझायची वाट बघतात, मग लूपच्या सांध्याला उचकी लागते आणि वरचा प्रत्येक थर ती उचकी घेऊनच चढतो. टाच जमिनीवर, दाबायचा फक्त चवडा.

कोरस_एक: आरसी-१ला +१. समेवर पाय, हे महत्त्वाचं.

अडॅप्टरग्रस्त: आरसी-१च. अडॅप्टर ९ व्होल्टचा, मधली पिन ऋण. राउटरचा लावू नका, पिन बसते पण बहुतेकांत मध्ये धन असतं.

राग_बिलावल: याला गाणं म्हणायचं की कवायत?

कोरस_एक: घरून ट्रॅक तयार करून आणण्यापेक्षा बरं की. इथे निदान चूक सगळ्यांसमोर होते.

राग_बिलावल: आणि गोल गोल फिरत राहते.

झाडाखालचा_श्रोता: मूळ प्रश्नाकडे या. शीरनने अकराव्या वर्षी आयरिश गायक डेमियन राइसला प्रत्यक्ष ऐकलं, तिथून गाणी लिहायचं वेड. भाचीला राइसचा २००२चा अल्बम 'ओ' द्या. गिटार किती कमी वाजवून भागतं ते कळेल. मग निझलोपी. या जोडीच्या गिटारी सांभाळायचं काम शीरनने केलंय. एक गिटारवर, दुसरा डबल बास वाजवता वाजवता तोंडाने ताल धरणारा. शीरनच्या गिटारवरची थाप ऐकताना तो ताल आठवतो. लूपची वाट आयरिश गायक गॅरी डन यांच्यामुळे सापडली. रॅपचा धागा वेगळा: जानेवारी २०११मध्ये वायली, डेव्हलिन, जेएमई या ब्रिटिश रॅपर्ससोबतची ईपी (छोटा अल्बम) त्याने स्वतःच काढली, कंपनीचा पहिला अल्बम सप्टेंबरात. नुसते हळवे कॉर्ड शिकून ही धाटणी येत नाही.

मिक्सरवाले_काका: आरसी-१ला माइक लावायची सोयच नाही, हे कोणी सांगितलं नाही! छोटा मिक्सर लागेल. ऑक्स सेंडमधून (मिक्सरमधून आवाज वेगळा बाहेर काढायची वाट) लूपरला द्या, लूपरचं आउटपुट वेगळ्या चॅनेलवर परत आणा आणि *त्या चॅनेलचा* ऑक्स शून्यावर ठेवा, नाहीतर शिट्टी. सेंड कमीच ठेवा, पेडलला लाइन लेव्हल सोसत नाही. पेडल मूळ आवाजही पुढे सोडतं, त्यामुळे तो दोनदा येऊन पोकळ वाटतो. तेवढं चालवून घ्या.

अडॅप्टरग्रस्त: मिक्सरलाही वेगळा अडॅप्टर!

सहावी_तार: एवढ्या भानगडीत एलएक्स१ई आली असती.

कोरस_एक: मग बॉसचा आरसी-३० बरा की. दोन ट्रॅक, माइकची एक्सएलआर (तीन पिनांची) सोय, फँटम पॉवरसकट (काही माइकना केबलमधूनच मिळणारी वीज).

पायपेटी: तो आता बंद झालाय, जुनाच मिळेल. जुना घेऊ नका. दाबपट्टी झिजली असेल तर एका दाबाला दोनदा लागते आणि लूप तिथेच बंद पडतो.

मिक्सरवाले_काका: जुना नकोच.

नवखी_मावशी: सगळ्यांचे आभार. भाचीने कालच जुना आरसी-३० घेतला. दोन्ही पट्ट्या दुकानात वीस-वीस वेळा दाबून पाहिल्या, एकदाही दुहेरी लागली नाही. उरलेल्या पैशांत साधा डायनॅमिक माइक. आता प्रश्न असा: गिटारपेक्षा गळा फार बारीक येतोय. माइकचा गेन वाढवू की गिटारचा व्हॉल्यूम उतरवू?

मिक्सरवाले_काका: गिटार उतरवा. डायनॅमिक माइकला फँटम लागत नाही, तेव्हा फँटम बंद ठेवा. आणि तोंड माइकपासून दोन बोटांवर.

सहावी_तार: कुठली गिटार आहे म्हणालात?