काम मिळण्याआधी एजंटला पैसे का मोजायचे?

सांगलीकर_ताई
माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा. कॉलेजात चार वर्षं एकांकिका केल्या, आता अभिनयात काम शोधायला मुंबईत अंधेरीला तिघांत एक खोली घेऊन राहतो. परवा रात्री फोन आला, "ताई, एका एजन्सीने सिलेक्ट केलंय, ३५,००० लागतील."

ऑडिशन कसली घेतली म्हणून विचारलं. नाव, वय, उंची सांगायला लावली, डावी-उजवीकडून चेहरा कॅमेऱ्यात घेतला आणि दहा मिनिटांत सांगितलं की चेहरा हिरोचा आहे. पैशांत रजिस्ट्रेशन, पोर्टफोलिओ (कास्टिंगसाठी काढलेले फोटो) आणि वर्षभर "मॅनेजमेंट". ५,००० टोकन त्याच दिवशी भरायचं, नाहीतर जागा जाईल. त्यांच्या फॉर्मचा फोटो मागवून घेतला. काम देण्याबद्दल त्यात एक अक्षर नाही, "फी परत मिळणार नाही" मात्र ठळक छापलंय.

माझं म्हणणं स्वच्छ आहे. नटाने आगाऊ एक रुपयाही देऊ नये. नवख्या पोराला दिवसाचे ३,००० मिळाले आणि एजंटने १५ टक्के घेतले, तर एजंटला ४५० सुटतात. असे ३५,००० कमवायला त्याला पोराचे ७८ दिवस भरवावे लागतील. तेवढेच पैसे पहिल्या भेटीत हातात पडत असतील, तर तो ७८ दिवस कशाला राबेल? तो उद्या दुसरा पोरगा शोधेल. तुम्हाला काय वाटतं?

यारी_रोड
ताई, मी ११ वर्षं कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे नटांना कमिशनवर काम मिळवून देतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ३५,००० मागणारा चोर आहे, त्यात वाद नाही. पण "एक रुपयाही नको" हे मला पटत नाही.

मालिकेचं पेमेंट बहुतेक वेळा ९० दिवसांनी येतं. म्हणजे आज मी पोराला सेटवर उभं केलं, तर माझं कमिशन तीन-चार महिन्यांनी येणार. तेही तो इमानदार असला तर! एकदा काम लागलं की प्रॉडक्शनचा नंबर घेऊन पुढचं काम परस्पर करणारे खूप भेटले मला. तोवर ऑफिसचं भाडं थांबत नाही. दिवसाला दोनशे-अडीचशे नटांचे फोटो-माहिती चाळून त्यातली आठ-दहा कास्टिंगवाल्याला (भूमिकेसाठी नट निवडणाऱ्याला) पाठवणं हेही कामच आहे ना? वर्षाला दोन-तीन हजार घेतले तर त्यात पाप काय?

छोटूची_आई
मी भरलेत, म्हणून लिहिते. मुलगा पाच वर्षांचा असताना जाहिरातींसाठी पोर्टफोलिओचे १८,००० दिले. फोटोग्राफर त्यांचाच, कपडेही त्यांचेच. चार महिन्यांत पोराचे पुढचे दोन दात पडले, ते फोटो कुणाला दाखवणार? फोन एकदाही आला नाही. नंतर शाळेच्या मैदानावर मोबाइलवर काढलेला साधा व्हिडिओ एका कास्टिंगवाल्याला पाठवला आणि त्यावर एका बिस्किटाच्या जाहिरातीची ऑडिशन मिळाली. ते १८,००० मी भिशीतून काढले होते. अजून आठवलं की पोटात ढवळतं.

तिसरी_घंटा
यारी रोड दादांशी सहमत. आपण अभिनयाच्या क्लासला ५०,००० भरतो, जिमला भरतो. ओळखी असलेल्या माणसाच्या वेळेचे पैसे दिले तर एवढा राग का? गावाकडून आलेल्या मुलाला कुणीतरी हात धरून नेणारा लागतोच. मी पहिल्या वर्षी ४,००० भरले आणि त्या माणसाने मला तीन एपिसोड मिळवून दिले.

बे_एरिया
क्लासवाला शिकवण्याचे पैसे घेतो, तुम्हाला काम मिळवून देतो म्हणत नाही. फरक तिथेच आहे.

मी कॅलिफोर्नियात राहते, पुतणी इथे ऑडिशन देते. इथल्या कायद्यात हे दोन धंदे वेगळे केलेत. टॅलेंट एजन्सीला लेबर कमिशनरचं लायसन्स लागतं आणि रजिस्ट्रेशन फी घेता येत नाही. काम मिळवून देण्यासाठी आगाऊ पैसे घेण्यावर २००९ साली स्वतंत्र कायदा करून बंदी आली. क्लासचे किंवा नटांचे फोटो-माहिती यादीत ठेवण्याचे पैसे घेणाऱ्यांना सरकारकडे ५०,००० डॉलरचा बाँड (जामीन) ठेवावा लागतो. एजंटला मिळतात ते साधारण १० टक्के, आणि तेही काम झाल्यावर. हॉलिवूडचे एजंट त्यावर उपाशी मेलेले नाहीत!

यारी_रोड
तिथे नटाचं पेमेंट एजंटच्या ऑफिसात येतं, एजंट आपला वाटा कापून उरलेलं नटाला देतो. आमच्याकडे बऱ्याचदा पैसे थेट नटाच्या खात्यात जातात आणि आम्ही मागे फोन करत बसतो. ही सोय इथे झाली तर मी उद्यापासून रजिस्ट्रेशन बंद करतो, शब्द देतो.

सांगलीकर_ताई
दादा, हे तुमचं खरं दुखणं आहे आणि ते मला पटलं. पण नट कमिशन बुडवतात त्याची भरपाई ज्याला अजून एकही काम मिळालेलं नाही त्याच्याकडून का? कमिशनचा कागद करा, पोरगा सही करेल. बुडवलं तर नाव टाका त्याचं.

तिसरी घंटा, तुम्हाला एपिसोड मिळाले याचा आनंद आहे. पण तो माणूस ४,००० न घेताही तुम्हाला पाठवू शकला असता, कारण तुमच्यात ते होतं.

यारी_रोड
कागदाचं बघतो. भावाला एक सांगा. त्या एजन्सीकडे मागच्या महिन्यात काम लागलेल्या तीन नटांचे नंबर माग म्हणावं. आणि फोटो हवेच असतील तर फोटोग्राफर स्वतः निवड, पैसे त्यालाच दे.

सांगलीकर_ताई
नंबर मागितले. "गोपनीय आहे" म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत ३५ चे २० हजार केले. टोकन भरलं नाही त्याने. सोमवारी सकाळी आरामनगरला, अंधेरीतल्या कास्टिंग ऑफिसांच्या वस्तीत जाणार आहे, दारोदार "नॉट फिट" (या भूमिकेला चालणार नाहीस) ऐकायची तयारी ठेवून. निळा साधा शर्ट इस्त्री करून ठेवलाय म्हणे.